टाटा मूलभूत संशोधन संस्था: मावळातून पाहिलेला इतिहास

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा इतिहास १९ डिसेंबर १९४५ या दिवसापासून, म्हणजे मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉन कोलव्हिल यांनी पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यात तिचे रीतसर उद्घाटन केले त्या दिवसापासून सांगण्याचा प्रघात आहे, आणि दफ्तरी नोंदीच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. परंतु पदार्थविज्ञानासारख्या, तत्काळ फळ न देणाऱ्या विद्येसाठी या देशात प्रथम द्रव्य कोठून आले, ते कोणी कोणत्या भरवशावर दिले, आणि पुढे सरकारी खजिन्याचे दार तिच्यासाठी कसे उघडले, या प्रश्नांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे तो मागोवा बोरघाट चढून लोणावळ्यास येऊन पोहोचतो. म्हणून संस्थेच्या ऐंशी वर्षांचा हा वृत्तान्त मावळातल्या माणसाच्या नजरेने लिहिण्याचे योजिले आहे.

जमशेटजी टाटांनी आयुष्याच्या उत्तरार्धात जे मोठे संकल्प केले, त्यांपैकी पोलादाचा कारखाना, जलविद्युत् आणि विज्ञानाचे विद्यापीठ हे तीन एकमेकांशी निगडित होते. १९०४ साली जमशेटजी जर्मनीत निवर्तले तेव्हा या तिहींपैकी एकही संकल्प सिद्धीस गेला नव्हता, आणि ते सिद्धीस नेण्याचा भार त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांनी उचलला. १९१० च्या नोव्हेंबरात जलविद्युत् कंपनीची नोंदणी झाली, आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसली. वळवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांत साठलेले मावळचे पावसाळी पाणी, आज हौशी भटके ज्याला 'डक्ट लाइन' म्हणतात त्या कालव्यातून खंडाळ्याच्या कड्यापर्यंत न्यायचे, तेथून लोखंडी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस सोडायचे, आणि त्या पाण्याच्या दाबाने फिरणाऱ्या यंत्रांची वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना होती. १९१५ च्या फेब्रुवारीत लॉर्ड विलिंग्डन यांनी ती वीज सुरू केली. ज्यांनी भर श्रावणात राजमाचीच्या वाटेवरून खोपोलीकडे उतरणारे ते नळ पाहिले आहेत, त्यांना उंची आणि वेग यांचा पदार्थविज्ञानातील संबंध निराळा शिकवावा लागत नाही.

मात्र या विजेची किंमत केवळ भागधारकांनीच मोजली असे नव्हे. आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले, त्यानंतर मुळशीचे आले, आणि मुळशीच्या पाण्याखाली आपली भातखाचरे जाणार हे कळताच १९२१ च्या रामनवमीस सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. बावन्न गावांचा तो लढा तीन वर्षे चालला आणि हरला. भूसंपादनाचा कायदा सरकारचा होता, भांडवल खाजगी होते, आणि 'सार्वजनिक हित' या शब्दप्रयोगात मुळशीच्या शेतकऱ्याला जागा मिळाली नाही. ज्या घराण्याच्या उदार देणगीचे गुणगान पुढील परिच्छेदांत करावयाचे आहे, त्या घराण्याच्या संपत्तीत या खोऱ्यांचाही वाटा आहे, हे मावळात बसून लिहिणाऱ्याने विसरणे अन्यायाचे ठरेल.

तिसरा संकल्प विज्ञानाच्या विद्यापीठाचा. त्यासाठी जमशेटजींनी तीस लाख रुपयांच्या मिळकतीची तजवीज केली होती. परंतु लॉर्ड कर्झन यांना अशा संस्थेस विद्यार्थी कोठून मिळतील आणि बाहेर पडणाऱ्यांना नोकऱ्या कोण देईल, अशी शंका होती. तजवीज वर्षानुवर्षे पत्रव्यवहारात अडकून राहिली. शेवटी म्हैसूर दरबाराने बंगळुरास ३७१ एकर जमीन आणि रोख मदत देऊ केली, आणि १९०९ साली हिंदुस्थान सरकारच्या हुकुमाने संस्था अस्तित्वात आली. दाता तयार, संस्थानिक तयार आणि मध्यवर्ती सत्ता साशंक, अशा त्रांगड्यातून जन्मलेली ती बंगळूरची संस्थाच पुढे आपल्या कथानायकाचे आश्रयस्थान झाली.

होमी जहांगीर भाभा हे केंब्रिजमध्ये विश्वकिरणांवरील कार्याने नावारूपास आलेले तरुण शास्त्रज्ञ १९३९ साली सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळुरास चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या सहवासात त्यांनी विश्वकिरण संशोधनाचा छोटा विभाग चालविला, आणि त्या विभागाला पैसा मिळाला तो सर दोराबजी टाटा ट्रस्टकडून. दोराबजींनी १९३२ साली, मृत्यूच्या थोडे आधी, टाटा सन्समधील आपले भाग, स्थावर मिळकत आणि दिवंगत पत्नी मेहरबाईंचे दागिनेसुद्धा या विश्वस्त निधीच्या स्वाधीन केले होते; त्या काळच्या हिशेबाने ती मिळकत सुमारे एक कोटी रुपयांची होती. मेहरबाई या भाभांच्या आत्या. नात्याचा हा धागा होता हे खरे. परंतु १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना जे पत्र लिहिले, त्यातील युक्तिवाद नात्यावर आधारलेला नव्हता. मूलभूत पदार्थविज्ञानाचे अव्वल दर्जाचे केंद्र या देशात नाही, ते नसल्यामुळे बुद्धिमान माणसे विखुरतात किंवा परदेशी राहतात, आणि आणखी वीसेक वर्षांनी अणुशक्तीचा वीजनिर्मितीसाठी उपयोग होऊ लागेल तेव्हा हिंदुस्थानला तज्ज्ञांसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, असे त्याचे सार होते. हिरोशिमाचा स्फोट होण्यास तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवधी होता.

पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक ८०,००० रुपयांचे होते. त्यांपैकी ४५,००० ट्रस्टने, २५,००० मुंबई सरकारने आणि १०,००० वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने दिले. या तीन आकड्यांचे परस्परप्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण सरकार मागाहून आले आणि दाता पुढे होता, ही गोष्ट त्यात स्वच्छ दिसते. निमसरकारी खात्याने आधी उपयुक्तता सिद्ध करून मागितली असती. ट्रस्टने माणूस पाहिला, त्याचा आराखडा पाहिला आणि सालोसाल पैसे अदा करण्याचे मान्य केले. योग्य माणूस हाती आल्यावर त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावा, आधी खुर्च्या मांडून मग माणसे शोधू नयेत, हे भाभांचे धोरण अशाच पैशावर चालू शकत होते.

१९४९ साली संस्था पेडर रोडवरून अपोलो बंदराजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली. या पहिल्या पिढीत दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती होते, आणि त्यांच्यामुळे संस्थेचा मावळाशी एक अगदी निराळा संबंध जडला. कोसंबी पुण्यास राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईस जात. म्हणजे संस्थेचा एक अग्रगण्य विद्वान आपल्या लोणावळ्याच्या फलाटावरून वर्षानुवर्षे ये-जा करीत होता. सवड मिळेल तेव्हा हा गणिती कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेण्यांच्या परिसरात पायी हिंडे, कोरीव लेखांतील दात्यांची नावे तपासी, गावदेवींची ठाणी आणि जुन्या व्यापारी मार्गांच्या खुणा शोधी. कार्ल्याच्या चैत्यगृहात व्यापाऱ्यांनी, सुतारांनी आणि यवनांनी दिलेल्या एकेका स्तंभाची नोंद दगडात आहे. विद्येच्या आणि धर्माच्या संस्था दात्यांच्या नावांसकट उभ्या करण्याची ही परंपरा आमच्या डोंगरात दोन हजार वर्षांची आहे. कोसंबी १९६२ साली संस्थेतून बाहेर पडले, तो प्रसंग सुखाचा नव्हता. पण त्यांनी मावळच्या इतिहासावर केलेले काम टिकले आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९४८ च्या ऑगस्टात अणुशक्ती आयोग स्थापन झाला, १९५४ साली खुद्द पंतप्रधानांच्या अखत्यारीत अणुशक्ती खाते निघाले, आणि त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी पंडित नेहरूंनी कुलाब्याच्या टोकावर संस्थेच्या नव्या वास्तूची कोनशिला बसविली. थोड्याच काळात केंद्र सरकार, मुंबई सरकार आणि ट्रस्ट यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन खर्चाचा मुख्य भार केंद्राने उचलला. ट्रस्टचे प्रतिनिधी नियामक मंडळावर राहिले, पण पैसा आता जनतेचा होता. १५ जानेवारी १९६२ रोजी पंडितजींनीच त्या वास्तूचे उद्घाटन केले.

येथे एका वादाची नोंद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कलकत्त्याचे मेघनाद साहा हे भाभांच्या आधीपासून अणुकेंद्रीय संशोधनाची मागणी करीत होते, आणि विद्यापीठात राहून त्यांनी आपली संस्था उभारली होती. नव्या व्यवस्थेत देशाच्या पदार्थविज्ञानाचा बहुतांश निधी एकाच खात्याच्या हाती एकवटत आहे, संशोधन विद्यापीठांपासून तुटत आहे आणि विद्यापीठे कोरडी पडत आहेत, असा आक्षेप त्यांनी लोकसभेतही मांडला. या आक्षेपामागे वैयक्तिक कटुता आहे असे म्हणून त्याची तेव्हा बोळवण झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते भाभांची निवड त्या घडीला योग्य होती, कारण थोडा पैसा सर्वत्र शिंपडून अव्वल संस्था उभी राहत नाही; परंतु साहांनी वर्तविलेली हानीही खरी ठरली. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत डोकावले तरी तिची साक्ष पटते. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र काढले आणि टाटा संस्थेतील जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक झाले, तेव्हा साहांच्या तक्रारीला चौतीस वर्षांनी एक विधायक उत्तर मिळाले. असे उत्तर आणखी दहा ठिकाणी मिळावयास हवे होते.

लोणावळ्याच्या वाचकाने येथे विचारावे, की आमच्या गावातल्या प्रयोगशाळेचे काय? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामची स्थापना केली तेव्हापासून तेथे यंत्रांच्या साहाय्याने मोजमापे चालू झाली; नौली ही योगक्रिया करताना आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजून त्याला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. ते शरीरशास्त्र होते, पदार्थविज्ञान नव्हे. पण सरकारची दृष्टी वळण्यापूर्वी धनिकांच्या आणि संस्थानिकांच्या आश्रयावर, मोजून सिद्ध करण्याच्या निष्ठेने काम करणे, हे दोन्हीकडे सारखेच होते.

आता आकाशाकडे वळू. रेडिओ खगोलशास्त्राच्या वाटचालीत द्रव्य आणि धोरण यांचे खेळ जसे उघड दिसतात तसे अन्यत्र क्वचितच दिसतात. गोविंद स्वरूप हे अलाहाबादचे पदवीधर ऑस्ट्रेलियात शिकत असता सिडनीजवळील रेडिओ दुर्बिणीच्या ३२ छोट्या तबकड्या तेथील संशोधन परिषदेने भारतास देऊ केल्या. देणगी फुकट होती. अडले ते जहाजाच्या भाड्यावर! परकीय चलनाची टंचाई होती, वाहतूक कोणी सोसायची याचा निर्णय होईना, आणि वाट पाहून स्वरूप अमेरिकेस निघून गेले. यथावकाश तबकड्या दिल्लीस पोहोचल्या, पण त्यांचा उपयोग करणारा माणूस परदेशी होता. १९६१ साली स्वरूप आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, म्हणजे मेनन, कुंडू आणि कृष्णन यांनी, एकत्र परत येण्याची तयारी भारतातील संस्थांना पत्राने कळविली. भाभांनी २० जानेवारी १९६२ रोजी तारेने होकार पाठविला. ज्या देशात वाहतुकीच्या किरकोळ रकमेवर वर्षे गेली, त्याच देशात एका संस्थेचा संचालक चार माणसांच्या शब्दावर नवा विभाग काढण्याचे ठरवू शकला, याचे कारण त्याच्या हाती खर्चाचे स्वातंत्र्य होते.

१९६३ साली स्वरूप संस्थेत रुजू झाले, त्याच तबकड्या दिल्लीहून आणून कल्याणजवळ मांडल्या गेल्या आणि सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. भाभा १९६६ च्या जानेवारीत आल्प्स पर्वतातील विमान अपघातात गेले. त्यांनी पाठीशी घातलेली योजना मात्र थांबली नाही: १९७० साली उटीजवळ, जेथे डोंगराचा उतार तेथील अक्षांशाइतकाच, म्हणजे ११ अंशांचा आहे, अशा जागी ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली, आणि ती येथल्याच अभियंत्यांनी बांधली.

त्याहून मोठा संकल्प १९८४ च्या सुमारास आकारास आला आणि १९८७ च्या सुमारास त्यास केंद्राची मंजुरी मिळाली. हायड्रोजनच्या अणूंपासून निघणारी २१ सेंटिमीटरची लहर अतिदूरच्या विश्वातून येता येता ताणली जाऊन मीटरभर लांबीची होते. ती टिपण्यासाठी मीटर-लांबीच्या लहरींची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण बांधावयाची होती. जागा निवडली ती आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळील खोडद येथे. डोंगरांनी शहरांचा विद्युत् गोंगाट अडविलेला, वारा बेताचा, चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे अंतर, आणि पुण्याचे विद्यापीठ व कारखाने हाकेच्या टप्प्यात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौरसात आणि १६ तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात मांडल्या गेल्या.

खोडदला जाऊन तबकडीच्या पायाशी उभे राहून वर पाहावे. लोखंडी पत्र्याची भरीव कढई अपेक्षिणाऱ्याला आरपार आभाळ दिसते. सोळा वक्र लोखंडी बाह्या, त्यांच्यामध्ये ताणलेल्या पोलादी दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा गंजहीन तारांची जाळी, जिचे घर मध्यावर एक सेंटिमीटरचे आणि कडेला दोन सेंटिमीटरचे. मीटरभर लांबीच्या लहरीला ही जाळी भिंतीसारखीच असते. वारा मात्र तीतून निघून जातो, आणि त्यामुळे सांगाडा हलका, खर्च कमी. परदेशी नमुना विकत घेण्याइतका पैसा नव्हता म्हणून हा मार्ग सुचला असे कोणी म्हणतात. तसे असले तरी अपुऱ्या तरतुदीचे समर्थन म्हणून हे उदाहरण वापरले जाऊ नये, कारण स्वरूपांच्या मागे वीस वर्षांचा अखंड अनुभव आणि त्या अनुभवाला सांभाळणारी संस्था होती. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांनी ही दुर्बीण राष्ट्रास अर्पण केली. २०१६ च्या ऑक्टोबरात मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या 'स्कियापारेली' यानाचा क्षीण संदेश खोडदने टिपला, आणि २०२३ च्या जूनमध्ये स्पंदक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जगापुढे आला, त्यातही खोडदचा वाटा होता.

या दुर्बिणीला सर्वांत अधिक हवी ती शांतता, विद्युत्-चुंबकीय शांतता. आणि ती शांतता परिसरातील लोकांकडून घ्यावी लागते. नारायणगावाजवळून जाणारी पुणे-नाशिक लोहमार्गाची आखणी दुर्बिणीला व्यत्यय येईल या कारणास्तव मान्य झाली नाही, तेव्हा जुन्नर, खेड आणि संगमनेरच्या लोकांना वाईट वाटले, आणि ते स्वाभाविक होते. खोडदला मुळशीसारखी गावे बुडाली नाहीत. तरीही राष्ट्रीय कार्यासाठी स्थानिकांनी काही सोडायचे हे सूत्र तेच आहे. तमिळनाडूतील बोडी टेकड्यांत न्यूट्रिनो वेधशाळेस २०१५ साली सुमारे १,५०० कोटींची मंजुरी मिळूनही ती उभी राहू शकली नाही, याचे एक मोठे कारण लोकांचा विश्वास मिळविता आला नाही, हेच आहे. अंदाजपत्रकात तरतूद होते, पण संमतीची तरतूद अंदाजपत्रकात करता येत नाही. ती गावोगाव बसून मिळवावी लागते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे, तिला २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटींची मंजुरी मिळाली आहे. तेथे हा धडा गिरविला जावा.

आज देश आपल्या एकूण उत्पन्नाच्या १ टक्क्याहूनही कमी भाग, २०२०-२१ च्या हिशेबाने ०.६४ टक्के, संशोधनावर खर्च करतो. चीन २ टक्क्यांच्या वर आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींची योजना झाली, आणि त्यांपैकी ३६,००० कोटी सरकारेतर मार्गांनी यावेत अशी अपेक्षा धरली गेली. १९४५ च्या अंदाजपत्रकात दात्याचा भाग निम्म्याहून अधिक होता हे आपण पाहिलेच. तो दिला तो मात्र फळाची अट न घालता. उद्योगधंद्यांकडून येणारा पैसा उपयोजित कामाकडे ओढ घेईल, आणि तारा का तळपतो, पदार्थाचे मूळ काय, असे विचारणाऱ्यांचा भार सरकारलाच वाहावा लागेल. तो सरकारने कमी केला तर दुसरा कोणी वाहणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मावळातील शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना एक विनंती. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण सर्वांसाठी खुली असते आणि तेथे शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरते. जुन्नर, आंबेगाव आणि खेडची मुले तेथे जातात. वडगाव, कामशेत, तळेगाव आणि लोणावळ्याहून खोडद एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. सहलीची गाडी येत्या फेब्रुवारीत तिकडे वळवावी, मुलांना आपली उपकरणे मांडू द्यावीत, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी दरसाल ठरावीक रक्कम, कोणतीही अट न घालता, देण्यास याच वर्षी प्रारंभ करावा.